बाजार थंड आहे, दिवाळीनंतर सांगलीत नाटक लावावं का?

नवखा आयोजक (सांगली)

नमस्कार मंडळी. गणपती पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. नाटकाचं वेड वडिलांकडून आलं. गेल्या वर्षी एका मित्राबरोबर अर्धे-अर्धे पैसे घालून प्रयोग आणला. घर भरलं, दोघांत मिळून चौदा हजार उरले आणि डोक्यात हवा गेली. आता एकट्यानं लावायचं म्हणतोय. मुंबईच्या एका निर्मात्याचा व्यवस्थापक नोव्हेंबरअखेरचा रविवार द्यायला तयार आहे.

पण गल्ल्यावर बसून जे दिसतंय त्यानं पाय लटपटतात. पन्नास हजारांचा बस्ता बांधणारं गिऱ्हाईक तीस हजारांत उरकतंय. कुपवाडला कामाला जाणारी आमच्या गल्लीतली पोरं सांगतात, ओव्हरटाइम बंद झालाय. उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचं असा नियम आहे म्हणे, पण खेड्यावरचं गिऱ्हाईक 'बिल जमा झालं की येतो' म्हणून जातं ते जातंच.

मंदीत लोक नाटकाला येतात का, एवढाच प्रश्न. 'सांगली नाट्यपंढरी आहे, रसिक पाठ फिरवणार नाहीत' असलं उत्तर नको. ते भाषण दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला ऐकतो. धंद्याचं बोला.

तिसरी घंटा (विश्रामबाग, सांगली)

गणपती पेठेतलं दुकान म्हणजे तुझे वडील मला नक्की ओळखत असणार, तेव्हा अरेतुरे करतो. तेवीस वर्षं सांगली-मिरजेत नाटकं लावली, टाळेबंदीत थांबलो तो थांबलोच.

लोक येतात. हे उत्तर खरं आहे आणि तुझ्या काही कामाचं नाही.

कागद घे. सहाशे खुर्च्या धर. पुढच्या दीडशे पाचशेला, मधल्या अडीचशे चारशेला, मागच्या दोनशे तीनशेला. सगळं विकलं गेलं तर २,३५,०००. आता जाणारे बघ. निर्मात्याला द्यायचं प्रयोगाचं कॉन्ट्रॅक्ट १,६०,०००. नाट्यगृहाचं भाडं, वीज धरून १५,०००. पेपरातली जाहिरात आणि फ्लेक्स २०,०००. अठरा माणसांचं राहणं-जेवण १५,०००. हमाल, चहा, डोअरकीपर वगैरे ५,०००. बेरीज २,१५,०००. म्हणजे हाऊसफुल्लचा बोर्ड लागला तर तुला वीस हजार. नव्वद टक्के घर भरलं, लोक मध्यंतरात पाठ थोपटून गेले, तरी खिशातले साडेतीन हजार गेलेले असतात. तुझे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण गोष्ट हीच. वरचा दर वाढवावा म्हणशील, तर पाचशेच्या पुढे तिकिटावर जीएसटी बसतो आणि गिऱ्हाईक बिचकतं.

मग आम्ही तेवीस वर्षं जेवलो कशावर? तिकिटाच्या पाठीमागे छापलेल्या सराफाच्या जाहिरातीवर. पतसंस्थेनं सभासदांसाठी उचललेल्या चार रांगांवर. औषध कंपनीनं मिरजेच्या डॉक्टरांना वाटायला घेतलेल्या ऐंशी तिकिटांवर. प्लॅन उघडायच्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधीच माझे साठ-सत्तर हजार जमलेले असायचे. मंदीत पहिली गळतात ती ही मंडळी. आणि ती कधी 'नाही' म्हणत नाहीत. चहा पाजतात, तब्येतीची चौकशी करतात आणि म्हणतात, 'दिवाळीनंतर बघू.' हे वाक्य तीन ठिकाणी ऐकलंस की समज, मंदी आली.

प्रेक्षक तसा चिवट. नोटबंदी झाली मंगळवारी, ८ नोव्हेंबर २०१६ ला. माझा प्रयोग होता पुढच्याच रविवारी, १३ तारखेला. तिकिटाच्या बारीवर जो तो पाचशेची नोट घेऊन उभा, आणि ती नोट घेता येत नाही. मागं फिरवायचं कसं? डोअरकीपरच्या पोराची शाळेची वही घेतली आणि नावं लिहून तिकिटं उधार दिली. एकेचाळीस नावं झाली. नाताळपर्यंत अडतीस जण घरी येऊन पैसे देऊन गेले. एका आजोबांनी तर उशीर झाला म्हणून बेदाण्याचा पुडा आणला. तीन अजून बाकी आहेत, त्यांतला एक लांबचा नातेवाईक आहे. त्या प्रयोगात मी बुडालो तो या तिघांमुळे नाही. जाहिरातीच्या स्लाइडचे पैसे कबूल केलेल्या दोघांनी फोन उचलणं बंद केलं, म्हणून बुडालो.

आपल्या गावाला हे नवीन आहे असं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. १८५१ ला राजेसाहेब गेले आणि दरबारनं हात आखडला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ त मुंबईत तिकीट लावून खेळ केले. धंदेवाईक मराठी नाटकाचा जन्मच मुळी स्पॉन्सर गेल्यामुळे झालाय! पाच तारखेच्या भाषणात हे कुणी असं सांगत नाही.

तेव्हा व्यवस्थापकाला हो म्हणण्याआधी चार दुकानं फिर. रोख किंवा चेक हातात पडला तरच तो पैसा धर. आणि एकटी-सुटी तारीख घेऊ नकोस, दुसऱ्या गावांच्या प्रयोगांना जोडून घे. आदल्या दिवशी कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी सातारा असं कुणी मिळालं तर बस आणि टेम्पोचा खर्च तिघांत वाटला जातो आणि निर्माताही खाली येतो.

खडू-फळा (तासगाव)

मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून राहवलं नाही. काकांनी मांडलंय त्याच्या मुळाशी जे आहे ते बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकनांनी १९६६ साली मांडून ठेवलंय. कापडाच्या गिरणीत यंत्र आलं की तेवढीच माणसं दुप्पट कापड काढतात. पाच पात्रांचं दोन तासांचं नाटक करायला शंभर वर्षांपूर्वी पाच माणसं आणि दोन तास लागायचे, आजही तेवढंच लागतं. पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढतात. म्हणजे नाटकाचा खर्च चांगल्या दिवसांतही चढत असतो, मंदीत फक्त तो झाकणारा पैसा आटतो.

दुसरी गंमत न्यूयॉर्कची. २००८ च्या पडझडीनंतर जानेवारी २००९ मध्ये ब्रॉडवेवरची डझनभर नाटकं एका महिन्यात बंद झाली. त्यात वर्षानुवर्षं चाललेलीही होती. तरी त्या अख्ख्या हंगामाचा गल्ला आदल्या वर्षापेक्षा घसरला नाही. तेव्हा सरसकट घाबरायचं कारण नाही, असं माझं मत.

तिसरी घंटा (विश्रामबाग, सांगली)

सर, अख्ख्या हंगामाच्या गल्ल्यातून याच्या फ्लेक्सवाल्याचं बिल भागणार आहे का? बंद पडलेल्या डझनभरांत आपण असलो तर काय करायचं, हा याचा प्रश्न आहे. आपले दीनानाथ मंगेशकर घ्या. त्यांच्या बलवंत नाटक कंपनीचं बिऱ्हाड इथंच सांगलीत होतं. बोलपट आले, नाटकाचं उत्पन्न उतरलं, म्हणून त्यांनी चित्रपटात पैसा घातला आणि होतं तेही गेलं. मराठी नाटक जगलं, कंपनी संपली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

डिमरवाला (मिरज)

मी लाइटवर असतो. कुणी मुंबईचं युनिट आलं आणि त्यांचा माणूस नसला की मला बोलावतात. नाईटवर काम. प्रयोग झाला तर पैसे, नाहीतर नाही.

तुम्हाला मंदी दुकानात कळते, मला रंगमंचावर कळते. चांगल्या दिवसांत दोन मजली वाडा यायचा, जिना यायचा, फिरता रंगमंच लावायचे. आता पडदा उघडला की एक कोच, एक दार आणि मागं फ्रेम. तीन पात्रं. सगळा सेट बसच्या टपावर मावतो, टेम्पोच लागत नाही. लोकांना वाटतं दिग्दर्शकाची शैली आहे. शैली कसली, डिझेल वाचतंय.

नटाचं बरं असतं हो. प्रयोग कमी झाले तर मालिकेच्या तारखा देतो. आमच्याकडे ते नाही. २०१९ ला पूर, त्याच्या पाठोपाठ टाळेबंदी. नाट्यगृहं २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या खुर्च्यांवर सुरू झाली, तोवर मी मिरज मार्केटात भाजीची गाडी उतरवत होतो. आमच्यातले दोघं परत आलेच नाहीत. एक पेंट कारखान्यात चिकटला, एकानं रिक्षा घेतली. आता चांगला फोकस मारणारा माणूस हुडकायला कोल्हापूरला फोन करावा लागतो.

अजून एक. आयोजकाला तोटा झाला की सगळ्यात शेवटी पैसे आमचे निघतात. 'पुढच्या प्रयोगाला जोडून देतो' म्हणतात. पुढचा प्रयोग होतच नाही. नाव घेत नाही कुणाचं.

भिशीवाली मावशी (सातारा)

पुरुषमंडळींनी हिशेब छान केला, पण घरात काय होतं ते कुणी लिहिलं नाही. चारशेचं तिकीट, माणसं चार, म्हणजे सोळाशे. मध्यंतरात वडे आणि कॉफी, येताना रिक्षा. सहज दोन हजारांवर जातं. हात आखडला की आमच्याकडे पहिल्यांदा मुलं गळतात ('तुम्हाला नाही कळणार ते नाटक'). मग हे गळतात, कारण यांना क्रिकेट असतं. शेवटी उरतो मी आणि सासूबाई. पण आम्ही जातोच. सिनेमा दोन महिन्यांनी मोबाइलवर येतो. शाहू कला मंदिरात आलेलं नाटक गेलं की गेलं.

आमची वीस बायकांची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकी तीस रुपये जास्त काढतो, ते नाटकाचे. वर्षातून एकदा सगळ्या एका रांगेत बसतो. कुणाला जड वाटत नाही, कारण त्या दिवशी पर्समधून काही काढावं लागत नाही. सांगलीत अशा भिश्या नसतील असं होणार नाही. त्यांना आधी विचारा, आणि दहा टक्के सूट द्या. आम्ही मागतोच.

विषय मात्र बघून घ्या. बाहेर हे असं चाललेलं असताना मला साडेतीन तास कुणाचं कर्ज बघायचं नाही. ओळखीचा चेहरा आणि हसायला हवं. चोखंदळ लोक नाक मुरडतील, मुरडू देत.

नवखा आयोजक (सांगली)

उशिरा लिहितोय, बारा दिवस फिरत होतो.

सराफ म्हणाले, 'दिवाळीनंतर बघू.' सायकलवाले म्हणाले, 'दिवाळीनंतर बघू.' तिसऱ्या दुकानात शेठनी खुर्ची दिली, वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली, तेव्हाच मला हसू यायला लागलं. एका पतसंस्थेनं मात्र दोन रांगा उचलल्या आणि चेक दिला. आईनं शब्द टाकला म्हणून चार भिश्या तयार झाल्या, मिळून त्र्याहत्तर बायका. सूट मागितलीच.

रविवार सोडला. शुक्रवारी कोल्हापूर, शनिवारी आम्ही, रविवारी सातारा असं जुळलंय, त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट १,३५,००० वर आलं. काकांच्या कागदावर बसवलं तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास घर भरलं की सुटतो. सूट धरली तर थोडं वर. तीन पात्रं आहेत, एक कोच आहे आणि हसायला आहे. वडील म्हणाले, 'हे काय नाटक?' त्यांना संगीत नाटक हवं होतं.

प्लॅन सोमवारी उघडतोय.

डिमरवाले दादा, युनिटचा लाइटवाला कोल्हापूरहून परत जाणार आहे. शनिवारी मोकळे आहात का? नाईट रोख देईन, तिसऱ्या घंटेच्या आधी.