काश्मीर ग्रेट लेक्स: जास्तीचा एक दिवस कुठं थांबू? मदत हवी आहे

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं कोल्हापूरहून काश्मीरमधला सोनमर्ग ते नारानाग हा ट्रेक करतोय, विशनसर, गडसर, सातसर, गंगाबल ही तळी सगळी धरून. पन्हाळा ते पावनखिंड 12 किलोची सॅक घेऊन दोनदा चाललो, चिखलात पण दम टिकला, त्यामुळं पायाचं टेन्शन नाही. प्रश्न उंचीचा आहे. मागच्या वर्षी हिमाचलात 3,500 मीटरवर रात्रभर डोकं ठणकत होतं, उलटी झाली, खाली उतरल्यावरच बरं वाटलं. डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) डॉक्टरांनी नको सांगितलंय, मला सल्फाची ॲलर्जी आहे. आणि इथं गडसरची खिंड 4,000च्या वर जाते. सामानाला घोडा करायची तयारी आहे पण सुट्टीत एकच दिवस जास्तीचा निघतोय. ज्यांनी हा ट्रेक केलाय त्यांनी सांगा, तो दिवस सुरुवातीलाच सोनमर्गला थांबू का विशनसरला, खिंडीच्या आधी?