दूध तीनदा उकळल्यावर प्रोटीन उरतं का?

मिरजकरीण:
सासरे ७४ वर्षांचे. मांडीचं हाड मोडून दोन महिने अंथरुणात होते, आता वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलंय. घरात मांसमच्छी नाही, अंड्याचं नाव काढलं की ते ताटावरून उठतात. राहिलं दूध. गवळ्याचा म्हशीच्या दुधाचा रतीब आहे. सासूबाई ते सकाळी तीन उकळ्या येईपर्यंत तापवतात, संध्याकाळी परत एकदा.

परवा भाचा आला होता. जिमला जातो, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. म्हणाला, "मामी, उकळलं की प्रोटीन मरतं, आजोबांना कच्चंच द्या." तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत. खरं काय? शिवाय रात्री दूध घेतलं की त्यांचं पोट फुगतं, ते उकळण्यामुळे की कशामुळे?

रांगडा_गडी:
भाच्याच्या बाजूने एक मत. कोल्हापुरात गंगावेशच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. पैलवान तेच पिऊन तयार झाले. आम्ही पण प्यालोय, काही झालं नाही.

लॅक्टोमीटर:
गडी, कट्ट्यावर मीही प्यालोय. पण तिथला पैलवान दोन हजार जोर मारून येतो आणि ताईंचे सासरे वॉकर धरून. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार) होतो, क्षयही होऊ शकतो. या वयात तो जुगार नको.

आता प्रोटीनचं. एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत माझी बावीस वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

दुधातल्या प्रोटीनचा साधारण ८० टक्के भाग केसीन, बाकीचा व्हे, म्हणजे दूध फाटल्यावर जी निवळी सुटते त्यातला. व्हेचं प्रोटीन बांधलेल्या फेट्यासारखं असतं. ७० अंशांच्या पुढे तो फेटा सुटायला लागतो. उकळीपर्यंत नेलं की बहुतेक सुटतो. भाचा याला मरण म्हणतोय. पण फेटा सुटला म्हणून कापड कमी होत नाही ना? तुमच्या सासऱ्यांना कापडच हवंय, घड्या कशाला? उलट शेमला मोकळा झाला की पोटातल्या पेप्सिनला, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या पाचकद्रव्याला, तो धरून तोडता येतो. व्हेमधलं मुख्य प्रोटीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, कच्चं असताना पेप्सिनला दाद देत नाही, जठरातून तसंच पुढे सरकतं आणि आतड्यात पचतं. तापवलेलं आधीच तुटायला लागतं. आणि केसीनने फेटा नीट बांधलेलाच नसतो, त्यामुळे उकळीने त्याचं काही बिघडत नाही. तापवलेल्या दुधाचं जठरात दहीही मऊ, विरविरीत जमतं, कच्च्याचं घट्ट. पण एकूण हिशेबात फार फरक नाही, दुधातलं प्रोटीन तसंही ९५ टक्क्यांच्या आसपास पचतं.

पुरावा तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. कच्च्या दुधाला विरजण लावून बघा, दही पातळ लागेल, वर पाणी सुटेल. चांगलं तापवून लावलेलं घट्ट लागतं, कारण सुटलेलं व्हे केसीनला चिकटून बसतं आणि पाणी धरून ठेवतं. कारखान्यात दह्याचं दूध मुद्दाम ९० अंशांच्या वर काही मिनिटं ठेवतात ते त्यासाठीच.

दुसरा पुरावा खरवस. संघात कॅनमधून काढलेलं ५ मिली दूध नळीत घालून ५ मिनिटं उकळत्या पाण्यात धरायचो. गुठळ्या झाल्या तर दूध आंबलेलं, नाहीतर कुणीतरी नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा चीक त्यात ढकललेला. चिकात व्हेच्या जातीची प्रोटीनं इतकी असतात की उष्णतेने सुटून एकमेकांना धरतात आणि वडी होते. साध्या दुधात ती कमी, म्हणून ते नुसतं उतू जातं.

खरा तोटा कुठे होतो तर तासभर आटवण्यात. बासुंदीला जो बदामी रंग येतो तो दुधातली साखर प्रोटीनमधल्या लायसिन या घटकाला चिकटल्याने येतो, आणि तेवढं लायसिन शरीराला मिळत नाही. तीन उकळ्यांनी तसलं काही होत नाही, थोडी जीवनसत्त्वं मात्र जातात. एक उकळी पुरे. (तळाला लागलेली खरवड सासूबाई घासून टाकत असतील, तर प्रोटीन खरोखर तिथे कमी होतंय.)

अडीच_वर्षांची_आई:
थोडं अवांतर. माझ्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, अंगावर गांध्या येतात. उकळून उकळून देऊ का, असं विचारलं तर डॉक्टर नाही म्हणाले, केसीन उष्णतेला दाद देत नाही. तेव्हा 'तापवलं की बाधत नाही' हे अ‍ॅलर्जीवाल्यांनी धरून चालू नये.

मिरजकरीण:
काका, सगळा मजकूर सासूबाईंना वाचून दाखवला. खरवडीच्या वाक्याला त्या गप्प बसल्या. भाचा म्हणतोय ठीक आहे, पण व्हे पावडर घ्या. पोट फुगण्याचं राहिलं.

लॅक्टोमीटर:
ते प्रोटीनमुळे नसावं. बहुधा दुधातली साखर पचत नसेल, लॅक्टोज. ती कच्च्यात असते तेवढीच उकळलेल्यात. रात्रीचा पेला बंद करून दुपारी जेवणात वाटीभर दही द्या, त्यातली काही साखर विरजणाने आधीच खाल्लेली असते. म्हशीच्या २०० मिली दुधात ८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन येतं, तेवढ्याच दुधाच्या दह्यातही तेवढंच. पावडरचं आधी डॉक्टरांना विचारा.

मिरजकरीण:
दही चालतंय, पण वर साखर लागते त्यांना. आणि गवळ्याची एक म्हैस पुढच्या आठवड्यात विणार आहे, चीक सांगून ठेवलाय.

लॅक्टोमीटर:
पहिल्या दिवसाचा मिळाला तर निम्मं दूध घाला, नाहीतर रबर होईल. गूळ आधी विरघळवून घ्या, वर जायफळ. चाळणीवर ठेवून वाफवा आणि झाकणाखाली फडकं बांधा, पाणी वडीवर पडतं.