विषय: पुण्यात आई-बाबांसाठी पुरातली गाडी घ्यावी का?

प्रेषक: मंदार
गुरुवार रात्री

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या धामधुमीत गाडीचा विषय काढतोय, माफी असावी. पण आपल्या ह्यूस्टनच्या मंडळात निम्मे लोक हार्वी वादळाच्या पुरात भिजलेले आणि निम्मे मूळचे पुण्याचे. हे विचारायला याहून चांगली जागा मला सुचली नाही.

आई-बाबा सिंहगड रोडवर आनंदनगरला असतात. बाबा ७४, आई ७०. त्यांची वॅगन-आर १४ वर्षांची झाली आणि क्लच दाबताना बाबांचा गुडघा बोलतो. म्हणून ऑटोमॅटिक हवी. ‘नवी घेऊन मी अशी किती वर्षं चालवणार?’ असं बाबांचं म्हणणं, म्हणून जुनी हवी.

तळजाईवर रोज सकाळी फिरायला येणारे बाबांचे एक मित्र आहेत. त्यांची २०२१ची बलेनो आहे, पेट्रोल, सीव्हीटी (म्हणजे ऑटोमॅटिकच), २६ हजार किलोमीटर झालेली. तशा गाडीला इतर ठिकाणी बाबांना साडेसहा लाख सांगितले. हे ३ लाख ८० हजारांना देतायत. का, ते त्यांनी आपणहून सांगितलं. २५ जुलै २०२४ला पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा गाडी एकतानगरीत पार्किंगमध्ये होती. पाणी सीटपर्यंत आलं. विम्यातून सगळं करून घेतलं, त्यानंतर वर्षभर काही कुरकुर नाही.

माणूस सरळ आहे. गाडी इतकी चकाचक आहे की सांगितलं नसतं तर आम्हाला पत्ताही लागला नसता. बाबांचं ठरल्यातच जमा आहे, ‘खरं बोलणाऱ्याची गाडी आहे’ म्हणून. रविवारी टोकन द्यायला जाणार आहेत. मी इथून व्हिडिओ कॉलवर डिकी बघून काय दिवे लावणार?

मंदार


प्रेषक: शिरीष
शुक्रवार सकाळी

चि. मंदार,

घेऊ नकोस.

आता कारण सांगतो, नाहीतर म्हणशील काका नेहमीसारखेच.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नारायण पेठेत तळमजल्यावर आमचं बिऱ्हाड. पाणी ओसरल्यावर परत आलो तर घरात पोटरीभर गाळ. भांडीकुंडी सोडली तर राखण्यासारख्या दोनच वस्तू होत्या: आईचं शिलाई मशीन आणि वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. वडिलांनी मशीन सुटं केलं, रॉकेलमध्ये धुतलं, तेल घातलं. त्या मशीनवर आईने पुढे वीस वर्षं शिवलं, माझ्या बहिणीच्या लग्नातले सगळे परकर-पोलके त्याच्यावरचे.

रेडिओही तसाच उघडून उन्हात ठेवला. आणि लागला की! वाड्यातले लोक बघायला आले. महिनाभराने खरखर सुरू झाली. मग बातम्या ऐन रंगात आल्या की बंद, टपली मारली की चालू. दुरुस्त करणारा दर वेळी वेगळाच भाग बदलायचा आणि दर वेळी म्हणायचा, आता काही होत नाही बघा.

तुझ्या बाबांची पहिली गाडी फियाट असेल तर ते शिलाई मशीन होतं. २०२१ची गाडी रेडिओ आहे. ‘वर्षभर काही कुरकुर नाही’ याला म्हणूनच मी फार किंमत देत नाही.

शिरीषकाका


प्रेषक: पराग
शुक्रवार दुपारी

काका, तुमचं पत्र आवडलं पण सरसकट नको म्हणणं पटत नाही.

२०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वीत माझ्या गाडीत पाणी शिरलं होतं. दाराच्या उंबऱ्याच्या जेमतेम वर, म्हणजे गालिचा ओला झाला आणि थांबलं. मी स्टार्टरला हात लावला नाही. गालिचा आणि खालचा फोम काढून टाकला, आठवडाभर दारं उघडी ठेवून पंखे लावले. पुढे पाच वर्षं वापरली आणि विकताना घेणाऱ्याला सांगून विकली.

तेव्हा मंदार, ‘सीटपर्यंत’ म्हणजे नक्की किती ते विचार. सीटच्या बुडाला लागलं की बसायच्या गादीवर आलं की त्याच्याही वर? वीतभराचा फरक आहे, पण त्या वीतभरातच सगळं बसवलेलं असतं. एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याखाली, दोन सीटांच्या मधल्या भागात, म्हणजे जवळजवळ फरशीवरच असतो.

दुसरं, पाणी असताना किंवा लगेच नंतर कोणी गाडी सुरू करून पाहिली होती का? हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासा वाकलेला रॉड घेऊन इंजिन बराच काळ चालतं आणि मग एक दिवस फुटतं.

पराग


प्रेषक: सुलभा
शुक्रवार संध्याकाळी

हे सगळ्यांना का येतंय? महाप्रसादाच्या माणसांचा आकडा मी सोमवारपासून मागतेय. दीडशे घरांतून अकरा उत्तरं आली आहेत. गाडीवर मात्र निबंध!

सुलभा


प्रेषक: अनघा
शनिवार पहाटे

सुलभाताई, आमचे चौघे. आता मंदारसाठी.

इकडे येण्याआधी मी आठ वर्षं पुण्यात मोटार विम्याचे सर्व्हे करत होते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, त्यानंतरचे दोन महिने मी अरण्येश्वर-सहकारनगर भागातल्या चिखलाने भरलेल्या गाड्यांतच काढले. म्हणून थोडं सविस्तर.

इथे अमेरिकेत पुरात बुडून निकाली निघालेल्या गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, तसा शेरा पडतो. आपल्याकडे आरसीवर असा शेरा नसतो. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकलास तर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, हे कळेल. गाडी बुडाली होती हे कळणार नाही.

कळतं ते विम्याच्या जुन्या कागदांतून. गेल्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागून घे आणि नो क्लेम बोनसचा रकाना बघ. क्लेम नसेल तर तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०वर जातो. मध्येच शून्य झाला असेल तर आधीच्या वर्षात क्लेम घेतलाय. (बोनस राखणारं वेगळं कव्हर घेतलेलं असेल तर हा रकाना फसवतो, तेही त्याच कागदावर लिहिलेलं असतं.) कोणाचीही जुनी गाडी घेताना मी आधी हा कागद बघते, मग बॉनेट उघडते.

तुमच्या बाबतीत क्लेम झालाय हे माहीतच आहे. तेव्हा फक्त ‘सगळं करून घेतलं’ यावर जाऊ नका, सर्व्हेचा अहवाल आणि वर्कशॉपचं अंतिम बिल मागा. एकूण दुरुस्ती आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेली तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकाली निघालेली, धरतात. त्याच्या आत बसली तर दुरुस्त होते. आता यात गंमत अशी की गाडी आत ‘बसवायची’ असेल तर बदलण्याऐवजी साफ करण्याचे रकाने वाढतात. गैर काही नाही, मालकालाही बहुतेक वेळा आपली गाडी परत हवी असते. पण बिलात ‘बदलले’ आणि ‘साफ केले’ हे दोन शब्द वेगळे काढून वाच. सीट, गालिचा, स्टार्टर बदललेले असतात. वायरिंग साफ केलेलं असतं.

आणि वायरिंग साफ होत नाही. ताक पितळेच्या भांड्यात राहिलं की कसं कळकतं, तसे कनेक्टर आतून कळकतात. बाहेरून प्लास्टिक नवंकोरं, आत तांब्यावर हिरवं. काकांचा रेडिओ तो हाच.

बघायला जाणाऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, पाण्याची रेघ तिथे राहते, कारण तेवढा पट्टा धुवायला कोणी ओढत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, ड्रायव्हरच्या पायाजवळचं पॅनेल काढून आतले जोड. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. लागलाच नाही तर बिघाड दिसू नये म्हणून कोणीतरी त्याची सोय केलेली आहे. आत अत्तराचा घमघमाट असेल तर नाक अजून खाली न्यावं.

सीव्हीटी आहे म्हणून एक जास्तीचं. गिअरबॉक्सला श्वास घ्यायची नळी असते, बुडाल्यावर तिथून पाणी आत जाऊ शकतं. तेल बदलल्याची नोंद बिलात आहे का ते पाहा.

आणि ही नको म्हणून उद्या डोळे मिटून डीलरकडची घेऊ नका. टोटल लॉस झालेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात, त्या उभ्या करून दुसऱ्या गावात विकणारेही असतात. वरचं सगळं तिथेही बघायचंच.

अनघा


प्रेषक: मंदार
रविवार दुपारी

मंडळी,

टोकन थांबवलं. त्यापायी बाबांचं बोलणं खाल्लं ते वेगळं. काल माझा मावसभाऊ आणि दांडेकर पुलाजवळचा त्याचा मेकॅनिक असे दोघे जाऊन आले. तळजाईकाकांनी (आता आमच्या घरात हेच नाव पडलंय) सगळे कागद फाइलला लावून समोर ठेवले, वर चहा केला. मावसभाऊ म्हणाला, मला सीटबेल्ट ओढायची लाज वाटत होती.

ओढला तेव्हा शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रंग होता.

बोनस २०, मग २५, मग शून्य. अनघाताई, अगदी तुम्ही म्हणालात तसं. इंजिनचा ईसीएम (त्याचा कंट्रोलर), स्टार्टर, अल्टरनेटर, चारही सीट, गालिचा बदललेले. गिअरबॉक्सचं तेल बदललेलं. वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, ‘साफ करून तपासले’. एअरबॅग कंट्रोलर ‘तपासले, ठीक’. इंजिन कोणी सुरू केलं नव्हतं, गाडी थेट टो करून नेली होती, हे एक बरं झालं.

पण सर्व्हेच्या अहवालात पाण्याची पातळी लिहिली आहे: डॅशबोर्डच्या खालच्या कडेपर्यंत. मावसभावाने ते वाचून दाखवल्यावर काकांचा चेहराच उतरला. ते त्या पहाटे आधी बायकोला आणि म्हाताऱ्या आईला वरच्या मजल्यावर नेत होते. गाडीकडे गेले तोवर पाणी उतरायला लागलं होतं. त्यांनी पाहिलं तेव्हा ते खरंच सीटपर्यंत होतं. अहवाल त्यांनी सही करून फाइलला लावला होता, वाचला नव्हता.

एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझतो. स्कॅनरवर मात्र मधूनमधून संपर्क तुटल्याचा जुना बिघाड-कोड सापडला. पायाजवळचं पॅनेल काढल्यावर तीन जोड हिरवे. मेकॅनिक म्हणाला, ‘गाडी चालंल हो. थांबंल कुठं, ते नाही सांगता यायचं.’ हार्नेस बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, त्याच्या अंदाजाने लाखभर रुपये. म्हणजे स्वस्ताईतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग तिथेच गेला.

बाबा अजून म्हणतात, आनंदनगर ते तळजाई किती अंतर आहे? तेवढंच असतं तर मीही कदाचित हो म्हटलं असतं. पण दर महिन्याला हे दोघं वाईला मावशीकडे जातात आणि निघायला उशीर करतात. खंबाटकीत रात्री नऊ वाजता गाडी बंद पडून बाबा बॉनेट उघडून उभे आहेत आणि आई आत बसली आहे, हे चित्र काही डोळ्यांपुढून जाईना. मी नाही म्हणून सांगितलं.

मंदार


प्रेषक: शिरीष
रविवार रात्री

बाबांना माझा नमस्कार सांग. मित्राला ‘नको’ कोण सांगणार आहे? ते फोनवर नको, बाबांनी स्वतः जावं.

शिरीषकाका


प्रेषक: मंदार
मंगळवार

बाबा काल गेले होते. आईच्या मते सांगायला अर्धा तास आणि पोहे खायला दीड तास लागला.

तळजाईकाका म्हणाले, बरं झालं, मलाच आता ती विकायची नाही. गावातल्या गावात तेच वापरणार आहेत आणि पुढे कधी विकलीच तर अहवाल घेणाऱ्याच्या हातात आधी देणार आहेत. एअरबॅगचं मात्र बाबांनी मेकॅनिकला पुन्हा बोलवून नीट करून घ्यायला लावलंय, पुढच्या आठवड्यात दोघे मिळून जाणार आहेत. आम्ही आता कोथरूडची एक ऑटोमॅटिक बघतोय, पहिलाच मालक. मावसभावाने फोनवर आधी पॉलिसी मागितल्या तर समोरचा म्हणाला, ‘तुम्ही गाडी बघायला येताय की माझी मुलाखत घ्यायला?’ पण पाठवल्या. बोनस ३५ आहे, बोनस राखायचं कव्हर घेतलेलं नाही.

सुलभाताई, महाप्रसादाला आम्ही तिघे. उकडीचे मोदक घरी न्यायला मिळणार असतील तर दोन डझन लिहून ठेवा.

मंदार