मदत हवी आहे : शिगम्यातील घोडेमोडणी कोणत्या गावी पाहावी?

येत्या शिगम्याला (गोव्यातील होळीच्या सुमाराच्या लोकोत्सवाला) ७२ वर्षांच्या आईला घेऊन चार दिवस गोव्यात यायचे आहे. पणजी, मडगाव, फोंडा येथील चित्ररथांच्या मिरवणुकांच्या तारखा जाहीर होतात. परंतु कमरेला लाकडी घोडा बांधून, हाती तलवार घेऊन ढोल-ताशांवर नाचली जाणारी घोडेमोडणी आम्हांला गावच्या मांडावरच (लोककला सादर करण्याच्या पवित्र जागेवरच) पाहायची आहे, कारण तिचे खरे स्थान तेच आहे. पंचांग पाहिले, डिचोलीतील एका परिचितांनाही विचारले. प्रत्येक गावाची तिथी वेगळी, एवढेच कळले. स्वतःची गाडी आहे, मुक्काम कोठेही चालेल, मात्र आईला फार वेळ उभे राहता येत नाही. डिचोली किंवा सत्तरी तालुक्यातील कोणत्या गावी, फाल्गुनातील कोणत्या तिथीला यावे आणि बाहेरच्यांनी तेथे कोणते संकेत पाळावेत?