हॅलोविनचे खेळ: खोक्यातले 'डोळे'
मुलांच्या हॅलोविन पार्टीत कोणते खेळ ठेवायचे, असा प्रश्न आहे. एकाला टॉयलेट पेपरने गुंडाळून 'ममी' (इजिप्तमधलं कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळलेलं प्रेत) बनवायचा खेळ कुणीतरी सुचवलाय, तो नक्की ठेवा. फक्त तोंड उघडं राहू द्या. माझी भर म्हणजे 'ओळखा पाहू' खोका. बुटांच्या खोक्याला हात जाईल एवढं भोक पाडायचं, आत सोललेली द्राक्षं (डोळे!) आणि तेलाचा हात लावलेलं गार स्पॅगेटी (आतडी). आमच्याकडे एका चिमुरडीने हात घातला, किंचाळली आणि धावत पुन्हा रांगेत उभी राहिली! अगदी लहानांना मात्र आधी झाकण उघडून दाखवा. अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं, तेव्हा जवळ मोठं माणूस हवंच. पाण्यातली सफरचंदं दातांनी उचलायचा खेळ जुना असला तरी सगळ्यांची तोंडं एकाच पाण्यात, मला नाही पटत. त्यापेक्षा दोरीला डोनट टांगा, हात मागे धरून खायला लावा.