रेडकाच्या शेणात वीतभर पांढरा जंत पडला, हा नक्की कुठला?

कुळागरवाला, सत्तरी
नमस्कार मंडळी. म्हशीचं रेडकू महिन्याभराचं आहे, दोन-चार दिवस मातकट पातळ हगतंय, वास असा की गोठ्यात उभं राहवत नाही, पोट सुटलंय पण बरगड्या दिसतात. आज सकाळी शेणातून एक वीतभर जंत पडला, पिवळट पांढरा, गोल, शिसपेन्सिलीएवढा जाड नि दोन्ही टोकांना निमुळता. शेजारी म्हणतो पट्टकृमी, मेडिकलवाला म्हणतो कुठलाही असूदे गोळी एकच. शिवाय उकिरड्यातल्या शेणात दोऱ्यासारखे बारीक जंत वळवळतायत, त्याचाही फोटो टाकलाय, ती याचीच पिल्लं काय? आणि आई म्हणते दुधातून येतात ना, मग पुढच्या वेताला चीक पाजूच नको. काय करू?

गोठा डिचोली
पट्टकृमी नव्हे रे. तो चपटा असतो नि अख्खा क्वचितच पडतो, शेणावर शिजलेल्या भाताच्या शितांसारखे तुकडे दिसतात. तुझा गोल आहे म्हणजे गोलकृमीच, आणि एवढ्या लहान रेडकात एवढा मोठा म्हटल्यावर टोक्सोकारा व्हिट्युलोरम. मादी 30 सेंटीमीटरपर्यंत वाढते. गाईच्या वासरात पण होतो पण म्हशीच्या रेडकांना जास्त छळतो.

चीक मात्र बंद करू नको हां!! जंताला औषध आहे, चीक चुकला तर रेडकाला रोगाशी लढायची ताकद कुठून येणार. आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हशीच्या अंगात अळ्या गप्प पडून असतात, व्यायच्या सुमारास जाग्या होऊन दुधात उतरतात. गंमत म्हणजे म्हशीचं शेण तपासलंस तर तिथे बहुतेक काहीच मिळणार नाही. म्हणून पुढच्या वेताला रेडकू 10 ते 16 दिवसांचं असतानाच डॉक्टरांना विचारून औषध पाज, जंत अंडी घालायला लागायच्या आधीच मरतात. या जंतावर पायरँटेल, पायपरेझिन ही जुनी औषधं चालतात, पण आत्ताचं रेडकू अशक्त झालंय म्हणतोस तर आधी डॉक्टरांना दाखव.

स्लाइडवाली
वरचं बरोबर आहे. उकिरड्याच्या फोटोबद्दल बोलते, कारण आमच्या प्रयोगशाळेत असले नमुने डब्यात भरून येतात नि मग डोकं फिरतं. जमिनीवर पडून राहिलेल्या शेणात मातीतले साधे कृमी शिरतात, त्यांचा गुराच्या पोटाशी काही संबंध नाही. टोक्सोकाराची तर नाहीतच ती, त्याची अंडी शेणात पडल्या पडल्या फुटत नाहीत.

डोळ्याने ओळखता येतो तो हा एकच मोठा, बाकीचे बहुतेक दिसतच नाहीत. रक्त पिणारा हिमाँकस जेमतेम 2-3 सेंटीमीटरचा आणि बसतो चौथ्या पोटात, गुरू मेल्यावर पोट फाडलं तरच दिसणार. जिवंतपणी दिसतं ते एवढंच की पापणीच्या आतली कातडी पांढरीफटक नि जबड्याखाली सूज.

मग अंडी बघायची. मिठाच्या संपृक्त पाण्यात शेण घोळून गाळलं की अंडी वर तरंगतात. टोक्सोकाराचं अंडं गोलसर, जाड कवचाचं, कवचावर बारीक खड्डे, एकदा बघितलं की विसरत नाही. ट्रायक्युरिस या चाबकासारख्या जंताचं लिंबाच्या आकाराचं, दोन्ही टोकांना बूच. पण हिमाँकस, कूपेरिया, ट्रायकोस्ट्राँगायलस या बारीक गोलकृमींची अंडी पातळ कवचाची नि जवळपास सारखीच, त्यामुळे रिपोर्टवर नुसतं 'स्ट्राँगाइल' हे या गटाचं नाव लिहिलेलं असतं नि लोक विचारतात जंताचं नाव का नाही. नाव हवं तर शेण आठवडाभर उबेत ठेवून अळ्या वाढवायच्या नि त्या बघायच्या. आणि गुरं खाजनात (खाडीकाठच्या सखल शेतात) किंवा पाणथळ शेतात चरत असतील तर पर्णकृमीसाठी (पानासारखा चपटा जंत) वेगळी तपासणी मागा, ती अंडी जड, मिठाच्या पाण्यात वर येतच नाहीत.

नमुना हातमोजा घालून थेट गुदद्वारातून काढा, पिशवीतली हवा दाबून काढा, बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा. फ्रीझरमध्ये नको. आपल्या हवेत तर एका दिवसात स्ट्राँगाइलची अंडी फुटायला लागतात, मग मोजायचं काय.

पेडणेकरीण
मेडिकलवाल्याच्या 'गोळी एकच' वर जाऊ नका हो. वजन अंदाजाने धरतात नि डोस कमी पडतो, मग उरलेले जंत औषधाला दाद देईनासे होतात. छातीचा घेर मोजायची टेप मिळते, ती घ्या. गाभण गाईला सुरुवातीच्या दिवसांत आल्बेंडाझोल अजिबात देऊ नका, नि औषधानंतर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते बाटलीवर बघा. आमच्याकडे श्वेतकपिला (गोव्याच्या देशी गाई) आहेत, काटक जनावर, तरी पावसात शेण तपासून घेतेच.

कुळागरवाला, सत्तरी
आभार सगळ्यांचे. डॉक्टर संध्याकाळी येतायत, आईला चिकाचं सांगितलं, ती अजून नाकच मुरडतेय. @स्लाइडवाली, दुसऱ्या गाईचं शेण उद्या सकाळी काढतो, रेडकाचं औषधाआधीच काढू ना?

स्लाइडवाली
हो, आधीच. आणि दोन्ही पिशव्यांवर जनावराचं वय लिहा, नुसतं 'म्हैस' लिहू नका.