वायरगार्डमधून एकच व्हीलॅन दिसतो, बाकीचे दोन नाहीत. मदत हवी आहे

अडलेला_नेटकरी: तीन दिवस यातच अडकलोय. घरचं नेटवर्क तीन व्हीलॅनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या भागांत, विभागलंय. बाहेरून वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा सुरक्षित टनेल) जोडलं की व्हीलॅन १० मधला सर्व्हर उघडतो. २० मधला प्रिंटर आणि ३० मधले कॅमेरे नाहीत. इंटरनेटही घरच्या आयपीवरून जात नाही. फायरवॉलमध्ये सगळं उघडलंय. उद्या प्रवासाला निघायचंय, लवकर सांगा.

तारजोडणी: राउटर कोणता? टनेलचा पत्ता काय? लॅपटॉपवर वायरगार्डच्या 'अलाउड आयपी'त (टनेलमधून कोणते पत्ते पाठवायचे त्या ओळीत) काय लिहिलंय?

बिनतारी: आधी सीजीनॅट (इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते ती पद्धत) बघा. राउटरच्या वॅनवर (इंटरनेटकडच्या बाजूला) १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता असेल तर बाहेरून पोर्ट लागणारच नाही. माझे दोन आठवडे यात गेले. सरळ टेलस्केल (दुसरा तयार व्हीपीएन) घाला.

तारजोडणी: अहो, सर्व्हर उघडतोय म्हणतायत ना? म्हणजे हँडशेक (दोन्ही टोकांची जोडणी) होतोय. आणि टेलस्केलमध्येही प्रत्येक सबनेट (नेटवर्कच्या एका भागाचे पत्ते) जाहीर करावाच लागतो.

जुना_खांब: घरात तीन व्हीलॅन कशाला? एकच नेटवर्क ठेवा.

बिनतारी: कॅमेरे वेगळे हवेतच. त्यांचं फर्मवेअर वर्षानुवर्षं कुणी अपडेट करत नाही.

अडलेला_नेटकरी: राउटर लिनक्सवर आहे. टनेल १०.८.०.०/२४. अलाउड आयपीत १९२.१६८.१०.०/२४. व्हीलॅन सगळे १९२.१६८ मध्येच.

तारजोडणी: मग दुखणं तिथेच आहे. त्या ओळीत जो पत्ता नाही, त्याचं पॅकेट लॅपटॉप टनेलमध्ये घालतच नाही. राउटरची फायरवॉल कितीही उघडा, तिथवर काही पोचतच नाही. इंटरनेटही घरून हवंय, तर ०.०.०.०/०, म्हणजे सगळे पत्ते, लिहा. मास्करेडचा नियम (पॅकेटवर राउटरचा स्वतःचा पत्ता लावणारा) १०.८.०.०/२४ ला लागू आहे का तेही बघा.

अडलेला_नेटकरी: प्रिंटर आला! मास्करेड फक्त १९२.१६८ ला होतं, टनेलचा पत्ता जोडल्यावर इंटरनेटही सुरू. कॅमेरे अजून नाहीत.

तारजोडणी: कॅमेऱ्यांत गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जायला राउटरचा पत्ता) भरलाय?

अडलेला_नेटकरी: नाही, मुद्दाम. त्यांनी बाहेर बोलू नये म्हणून.

तारजोडणी: हे आधी सांगायचं होतं. विनंती त्यांच्यापर्यंत जाते, पण दुसऱ्या सबनेटला उत्तर पाठवायची वाट त्यांच्याकडे नाही. टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावा, एकतर्फी पॅकेटं दिसतील. गेटवे रिकामाच राहू द्या. टनेलमधून व्हीलॅन ३० कडे जाणाऱ्या पॅकेटांना तिथल्या इंटरफेसवर मास्करेड लावा. मग कॅमेऱ्याला वाटेल राउटरच विचारतोय, आणि राउटर त्याच्याच सबनेटमध्ये आहे.

बिनतारी: पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं कनेक्शन) असेल तर एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १४२० ऐवजी १४१२ ठेवा. नाहीतर काही साइट अर्धवट उघडतात.

अडलेला_नेटकरी: साइटचा त्रास नाही. कॅमेरे चारही दिसले! तारजोडणी, मनापासून आभार. आता बॅग भरतो.